भाऊंची चाळिशी : नागपुरातील एका पूल खेळाडूचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपुरातील एका पूल खेळाडूचे आहे; पूल म्हणजे बिलियर्ड्स-स्नूकरच्या कुळातला, टेबलावर काठीने चेंडू मारून खेळायचा खेळ. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. पार्लरमध्ये लहानथोर सगळेच त्यांना ‘भाऊ’ म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे. प्रस्तुत लेखक त्यांच्याच वयाचा असून त्यांच्याच बरोबरीने खेळू लागला आणि अडतिसाव्या वर्षी स्पर्धा सोडून शिकवण्याकडे वळला. त्यामुळे हे लेखन तटस्थ निरीक्षकाचे नाही, आणि यातील एका चुकीची जबाबदारी पूर्णपणे माझी आहे.

भाऊंचा जन्म १९७६ चा. महाविद्यालयात असताना नागपूरच्या सदर भागातील एका पार्लरमध्ये बारा फुटी स्नूकर टेबलावर त्यांनी पहिल्यांदा क्यू, म्हणजे खेळायची काठी, हाती घेतला आणि तेथील गुण मांडणाऱ्या मार्करने त्यांना उभे राहण्यापासून शिकवले. पुढे नऊ फुटी पूल टेबले आली, तेव्हा स्नूकरवर हात बसलेल्या इतर अनेकांप्रमाणे त्यांनाही हा खेळ आधी सोपा वाटला आणि मग अवघड वाटू लागला. स्नूकरचा चेंडू साडेबावन्न मिलिमीटरचा, तर पूलचा सत्तावन्न मिलिमीटरहून किंचित मोठा, टेबलाच्या कडेची पॉकेटही (भोकेही) रुंद. त्यामुळे चेंडू आत घालणे फारसे जड जात नाही. पण नाइन-बॉलमध्ये, म्हणजे एक ते नऊ क्रमांकांच्या चेंडूंनी खेळायच्या पूलच्या प्रकारात, प्रत्येक वेळी टेबलावरील सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूलाच आधी लागावे लागत असल्यामुळे पुढच्या चेंडूसाठी क्यूने मारायचा पांढरा चेंडू नेमका कोठे थांबवायचा हाच खरा प्रश्न असतो, आणि त्यात भाऊंची बरोबरी करणारा नागपुरात अनेक वर्षे कोणी नव्हता.

१९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडा स्पर्धेत क्यू खेळांचा समावेश झाला, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. राज्य संघात निवड, राष्ट्रीय स्पर्धेत नाव आणि जमल्यास आशियाई स्पर्धा असा जिना त्यांच्या पिढीने तेव्हा डोळ्यांसमोर ठेवला. राज्य संघापर्यंत भाऊ चार वेळा पोहोचले आणि राष्ट्रीय स्पर्धेत एकदा शेवटच्या आठांत आले. २०१० च्या ग्वांगझू स्पर्धेनंतर मात्र क्यू खेळ आशियाई कार्यक्रमातून वगळले गेले आणि ऑलिंपिकमध्ये तर ते कधी नव्हतेच. खेळ ऐन बहरात असताना, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, या जिन्याची वरची पायरी काढून घेतली गेली, हे या प्रकरणात लक्षात ठेवावे लागते. कारण त्यानंतरची तेरा वर्षे ते नेमके कशासाठी खेळत होते, हे त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनीही स्वतःला विचारले नाही. नोकरी सरकारी कार्यालयात होती. तेथे कोणी खेळाचे नाव विचारले आणि त्यांनी ‘पूल’ असे उत्तर दिले, की समोरच्याच्या डोळ्यांपुढे उड्डाणपूल तरी येई नाही तर पोहण्याचा तलाव. त्यामुळे तेथून दाद मिळण्याचाही प्रश्न नव्हता.

अडचण

२०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत भाऊ दोन वर्षे सातत्याने पहिल्या-दुसऱ्या फेरीतच हरत होते. हरण्याची पद्धतही ठरलेली होती. लांबचे पॉट, म्हणजे दूरचा चेंडू पॉकेटमध्ये घालायचे फटके, चुकत, ब्रेकनंतर, म्हणजे डाव फोडणाऱ्या पहिल्या फटक्यानंतर, एकही चेंडू पॉकेटमध्ये जात नसे, पांढरा हवा त्यापेक्षा वीतभर पुढे जाऊन थांबे आणि आधी नऊ रॅक (डाव) जिंकण्याची लढत सहा-सहापर्यंत बरोबरीत आणून शेवटचे तीन रॅक ते गमावत. कोरोनाच्या टाळेबंदीत पार्लर कित्येक महिने बंद होते. तेथून सुरू झालेली ही घसरण आहे, असे आम्ही सगळेच मानत होतो.

सरावही आटला होता. पूर्वी आठवड्यातील पाच संध्याकाळी येणारे भाऊ दोनच संध्याकाळी येत आणि त्याही पोरांबरोबर ‘लूझर पे’वर, म्हणजे हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे या बोलीवर, खेळण्यात घालवत. पोरांना दोन रॅकचा हँडिकॅप, म्हणजे दोन डावांची सवलत, द्यायचा, तरीही जिंकायचे आणि घरी जायचे, असा क्रम पडला होता. बाहेर हरणाऱ्या माणसाला घरच्या टेबलावरचा हा विजय किती गोड लागतो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

त्या मे महिन्यात पुण्याच्या एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरून भाऊ परतले आणि पार्लरच्या पायऱ्यांवर बसून मला म्हणाले, “माझं झालं आता. ही पोरं ब्रेक करून राहिली, रॅक साफ करून राहिली, अन् मी खुर्चीत बसून पाहून राहिलो.” मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “वय कोणाला चुकलं आहे, भाऊ?” सांत्वनासाठी उच्चारलेल्या या वाक्याने पुढच्या पाच महिन्यांची चौकशी बंद केली. वय हे उत्तर एकदा मान्य झाले की चष्मा, कंबर, सराव, टेबल यांपैकी कशाकडेही पाहण्याची गरज उरत नाही. आम्ही दोघांनीही पाहिले नाही.

समोर असलेले पर्याय

दिवाळीपूर्वी झालेल्या एका स्थानिक निवड चाचणीत भाऊ त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाकडून ९–४ असे हरले. त्याच रात्री सगळ्यांसमोर निवृत्ती जाहीर करण्याचे त्यांनी ठरवले होते. वहिनींनी मला फोन केला. त्यांचे म्हणणे साधे होते : निर्णय कोणताही घ्या, पण हरलेल्या रात्री घेऊ नका. तीन आठवडे काहीच जाहीर करायचे नाही, एवढे भाऊंनी कबूल केले. या प्रकरणातला पहिला योग्य निर्णय अशा रीतीने खेळाशी संबंध नसलेल्या व्यक्तीचा ठरला.

त्या तीन आठवड्यांत चार वाटांचा विचार झाला. स्पर्धा सोडून केवळ शिकवणे ही पहिली. तिला मी अनुकूल होतो, कारण मी स्वतः तेच केले होते. आपण निवडलेली वाट दुसऱ्यालाही शहाणपणाची वाटावी, या इच्छेला सल्ल्याचे रूप पटकन येते. दुसरी वाट बिलियर्ड्सकडे वळण्याची होती. बिलियर्ड्समध्ये ब्रेकचा धडाका नसतो, लय आणि धीर महत्त्वाचे असतात, आणि गीत सेठी यांनी २००६ मध्ये जागतिक व्यावसायिक बिलियर्ड्स विजेतेपद मिळवले तेव्हा ते पंचेचाळिशीच्या आसपास होते. पण भाऊंनी हा पर्याय एका वाक्यात निकालात काढला : सत्तेचाळिसाव्या वर्षी नव्याने शिकायचे असेल तर ते आवडीने शिकावे, पळवाट म्हणून नव्हे. तिसरी वाट केवळ वरिष्ठ गटातील स्पर्धा खेळण्याची आणि चौथी खुल्या स्पर्धाच खेळत राहण्याची, मात्र तयारी मुळापासून बदलून.

चर्चेत दोन्ही बाजूंनी मोठमोठी नावे फेकली गेली. भाऊंचे दैवत फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस. ते १९९९ मध्ये नाइन-बॉलचे जगज्जेते झाले तेव्हा पंचेचाळिशीला टेकले होते आणि २००६ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पाच लाख डॉलरचे पहिले बक्षीस असलेली एट-बॉल स्पर्धा त्यांनी जिंकली. त्या मुलाने उलट बाजूने तैवानच्या वू चिआ-चिंगचे नाव काढले, जो २००५ मध्ये सोळाव्या वर्षी जगज्जेता झाला, आणि फेडोर गोर्स्टचेही, ज्याने २०१९ मध्ये एकोणिसाव्या वर्षी तेच विजेतेपद मिळवले. माझ्या मते ही दोन्ही उदाहरणे आमच्या उपयोगाची नव्हती. रेयेस आयुष्यभर रोज आपल्या तोडीच्या खेळाडूंशी खेळत आले. भाऊ तोडीच्या खेळाडूशी वर्षातून आठ-दहा दिवस खेळत, तेही रात्रभर रेल्वेने मुंबई किंवा पुणे गाठून, अर्जित रजा मोडून आणि झोपेविना. नागपुरातील खेळाडूचे सत्तेचाळीस आणि जेथे स्पर्धा घराजवळच भरतात तेथील खेळाडूचे सत्तेचाळीस, हे एकच वय नव्हे.

शेवटी चौथी वाट ठरली, पण सहा महिन्यांच्या मुदतीने. मुदत संपेपर्यंत ‘वय’ हा शब्द कारण म्हणून वापरायचा नाही, अशी अट त्या मुलाने घातली. ती मला तेव्हा पोरकट वाटली होती.

काय केले

सुरुवात मोबाइलच्या चित्रफितीपासून झाली. मुलाने भाऊंचे तीस-चाळीस लांब पॉट समोरून आणि बाजूने टिपले आणि ते त्यांच्या २००९ मधल्या एका जुन्या छायाचित्राशेजारी ठेवले. फरक उघड होता : पूर्वी हनुवटी क्यूला जवळजवळ टेकत असे, आता डोके तीन-चार बोटे वर राहत होते. भाऊ म्हणाले की कंबर वाकत नाही. ते काही अंशी खरे होते, पण कंबर तपासून घेतल्यावर मोठा दोष निघाला नाही. दोष चष्म्यात निघाला.

चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होत जाते आणि जवळच्या वस्तूवर नजर स्थिरावणे कठीण होते. मराठीने या चष्म्याचे नावच ‘चाळिशी’ ठेवले आहे, तरी ती भाऊंच्या खेळात शिरल्याचे आमच्या ध्यानात आले नव्हते. पूल खेळताना नजर हातभर अंतरावरील पांढऱ्या चेंडूवरून दीड-दोन मीटरवरील लक्ष्यचेंडूकडे आणि पुन्हा मागे अशी सतत ये-जा करते. भाऊंनी टाळेबंदीनंतर प्रोग्रेसिव्ह भिंगांचा चष्मा घेतला होता. त्यात दूरचा नंबर वरच्या भागात, जवळचा खालच्या भागात आणि कडांना थोडी विकृती असते. कार्यालयात फाइल वाचायला तो उत्तम. पण टेबलावर ओणवे झाले की नजर भिंगाच्या अगदी वरच्या कडेतून, कित्येकदा फ्रेमच्याही वरून जाते. लक्ष्यचेंडू भिंगातून नीट दिसावा म्हणून भाऊ नकळत डोके वर उचलू लागले होते. डोके उचलले की खांदा सरकतो आणि खांदा सरकला की क्यूची रेषा बदलते. पराभवांची मालिका आणि हा चष्मा यांचा प्रारंभ एकाच सुमारास झाला होता.

याला तोडगा जुनाच आहे. १९८५ च्या जागतिक स्नूकर अंतिम सामन्यात शेवटच्या काळ्या चेंडूवर स्टीव्ह डेव्हिसला १८–१७ असे हरवणाऱ्या डेनिस टेलरचा तो भलामोठा, कपाळापर्यंत चढणारा चष्मा याच कारणासाठी होता. धरमपेठेतील एका चष्मेवाल्याने उंच फ्रेममध्ये एकाच नंबरची भिंगे बसवून दिली. नंबर लक्ष्यचेंडूच्या अंतराला जुळवला आणि पांढरा किंचित अस्पष्ट दिसला तरी चालेल असे ठरले. याच आठवड्यात भाऊंनी क्यूच्या टोकाची चामडी टिपही बदलली, मऊऐवजी मध्यम कडक घेतली, आणि मी त्यांना अडवले नाही. परिणामी पुढचा महिनाभर पांढरा वेगळा का वागतो आहे, हे ना त्यांना कळे ना मला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे मी शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगतो.

पांढरा वीतभर पुढे जाण्याचे कारण मात्र नागपुरी निघाले. मार्च ते जून आमच्या पार्लरमध्ये टेबलापासून काही फुटांवर मोठा डेझर्ट कूलर चालतो. पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास असताना तो बंद ठेवा असे म्हणण्याची सोय नाही. कूलरच्या दमट हवेने टेबलाचे कापड ओलसर होते आणि चेंडू मंद धावतात. त्यामुळे जागा साधण्यासाठी फटक्यात थोडा अधिक जोर घालण्याची सवय हाताला लागते. हाच हात वातानुकूलित सभागृहातील कोरड्या कापडावर गेला की पांढरा पुढे निघून जातो. पुण्यातील त्या मे महिन्याच्या पराभवाला आम्ही म्हातारपणाचे लक्षण मानले होते. प्रत्यक्षात त्यात मोठा वाटा कूलरचा होता. उपाय म्हणून स्पर्धेपूर्वीचे दहा दिवस भाऊंनी सकाळी सात ते नऊ, कूलर सुरू होण्याआधी, सराव करायचे ठरवले आणि पार्लरमालकाने किल्ली दिली.

ब्रेकबाबत मात्र वयाचे म्हणणे मान्य करावे लागले. अंगातला जोर कमी झाला होता आणि तो भरून काढण्यासाठी भाऊ आणखी ताकद लावत, त्यामुळे एक नंबरचा चेंडू भरगच्च न लागता पांढरा टेबलाबाहेर उडे. जोर कमी करून रॅक नेमका फोडायचा आणि पांढरा टेबलाच्या मध्यावर थांबवायचा, असा बदल केला. याला मर्यादा होती : काही स्पर्धांत ब्रेकवर किमान तीन चेंडू पॉकेटमध्ये जावेत किंवा टेबलाची वरची रेषा, म्हणजे जिच्या मागून ब्रेक करतात ती, ओलांडावेत असा नियम असतो, तेथे हलका ब्रेक अंगाशी येतो. म्हणून कोणत्या स्पर्धेला जायचे हे नियम वाचून ठरवायचे झाले. वर्षाला सात-आठऐवजी तीनच स्पर्धा, आणि शक्यतो एका दिवसात दोनपेक्षा अधिक लढती नसलेल्या. खुर्चीत बसून राहण्याचाही विचार झाला. समोरचा खेळाडू सलग तीन रॅक काढत असताना थंड सभागृहात वीस मिनिटे बसलेली कंबर आखडते आणि टेबलावर परतल्यावरचा पहिलाच पॉट चुकतो. त्यामुळे खुर्चीजवळच उभे राहणे आणि खांदे हलते ठेवणे हे अंगवळणी पाडावे लागले.

हे सारे यंत्र दुरुस्त करण्यासारखे होते. सर्वांत अवघड निर्णय वेगळाच होता आणि त्यावर आम्ही दोन महिने अडकलो. भाऊंना तोडीचा खेळाडू नागपुरात हवा होता आणि तो एकच होता, ज्याने त्यांना ९–४ ने हरवले तो. सरळ बरोबरीने खेळले तर भाऊ रोज हरणार आणि मुलाच्याही सरावाला धार राहणार नाही. लढत अटीतटीची व्हायची तर भाऊंनी हँडिकॅप घ्यायला हवा होता : मुलाने नऊ रॅक काढायचे, भाऊंनी सात. पंचवीस वर्षे ज्या माणसाने शहरभर हँडिकॅप दिला, त्याने तो त्याच पार्लरमध्ये, त्याच मार्करसमोर, आपल्याच शिष्याकडून घ्यायचा. भाऊ स्पष्ट म्हणाले, “हरेन, पण घेणार नाही.” मी बरेच समजावले, उपयोग झाला नाही.

गाठ सुटली ती मुलाच्या एका प्रश्नाने. त्याने विचारले, “भाऊ, तुम्ही मला दोन रॅक द्यायचे, तेव्हा मला लहान समजून देत होते का?” भाऊ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आले आणि फळ्यावर स्वतःच्या हाताने ‘९–७’ लिहिले. त्यांच्या मनात काय झाले याचा अंदाज मी करत नाही. एवढे खरे की त्या सकाळपासून पोरांबरोबरचे ‘लूझर पे’ बंद झाले आणि आठवड्यातील पाच दिवस परत आले. एकटे असले तर ते ‘घोस्ट’ खेळत, म्हणजे ब्रेक करून पांढरा हातात घ्यायचा आणि एकही चूक न करता रॅक संपवायचा. चूक झाली की तो रॅक काल्पनिक प्रतिस्पर्ध्याचा.

मी त्यांना एक वही ठेवायला सांगितले होते, ज्यात जिंकलो-हरलो नव्हे तर ‘आजचा कोणता फटका पुन्हा खेळावासा वाटतो’ एवढेच लिहायचे. वहीत लांब पॉट जवळजवळ आलेच नाहीत. सेफ्टी (प्रतिस्पर्ध्याला सोपा फटका मिळू नये म्हणून खेळलेले बचावाचे फटके), कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या कडेवर आपटून, मारलेले फटके आणि लपवलेला पांढरा, पानोपानी हेच. सत्तेचाळिसाव्या वर्षी या माणसाला खेळातले काय आवडते ते त्याच्या विशीतल्या खेळापेक्षा वेगळे झाले होते, आणि तो मात्र विशीतल्या हिशेबानेच स्वतःला मोजत होता.

निष्पत्ती

सहा महिन्यांची मुदत संपली तेव्हा निर्णय पुढे ढकलण्याइतपत सुधारणा दिसत होती. नाट्यमय काही घडले नव्हते. लांबचे पॉट परतले. लढतीच्या शेवटी कोसळणे कमी झाले, बंद झाले नाही. २०२४ मधील एका खुल्या स्पर्धेत ते शेवटच्या आठांपर्यंत गेले आणि तेथे पंचविशीच्या आतील खेळाडूकडून ९–८ असे हरले. राज्य संघात निवड झाली नाही आणि आता होईल असे त्यांनाही वाटत नाही. ब्रेक पूर्वीसारखा झाला नाही. २०२५ च्या सुरुवातीला कंबरेने तीन आठवडे घरी बसवले आणि एक स्पर्धा हुकली.

मुलगा पुढे निघून गेला, तो मुंबईत अधिक खेळतो आणि नागपूरला आला की सकाळी सातला पार्लरमध्ये हजर असतो. जुलै २०२५ मध्ये कार्लो बियाडो एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला, अंतिम फेरीत गोर्स्टलाच १५–१३ ने हरवून, तेव्हा ती बातमी भाऊंना त्यानेच पाठवली. भाऊंनी उत्तर दिले की एक्केचाळीस म्हणजे पोरच.

वेगळे काय करता आले असते

डोळ्यांची तपासणी पहिल्या पराभवानंतर नव्हे, तर चष्मा बदलला त्याच आठवड्यात टेबलावर उभे राहून व्हायला हवी होती; तिला एक संध्याकाळ लागली असती आणि दोन वर्षे वाचली असती. मे महिन्यात पायऱ्यांवर मी सांत्वनाऐवजी एक प्रश्न विचारला असता, उदाहरणार्थ ‘कोणते पॉट चुकले?’, तर पाच महिने तरी निश्चित वाचले असते. टिप आणि चष्मा एकदम बदलू देणे ही शिकवणाऱ्याची सरळ चूक होती.

हँडिकॅपबाबत माझे मत अजून पक्के नाही. मी दोन महिने समजावण्यात घालवले ते वाया गेले असे एकदा वाटते. पण ते दोन महिने गेले नसते तर मुलाचा प्रश्न भाऊंना तसाच लागला असता का, हेही सांगता येत नाही. २०१० नंतर, जिन्याची पायरी गेली तेव्हाच, त्यांच्याशी खेळण्याच्या कारणाविषयी बोलायला हवे होते, हे मात्र मी ठामपणे म्हणेन. तेव्हा आम्ही सगळे पुढच्या चाचणीच्या तारखा पाहत होतो.

भाऊंच्या पन्नाशीचे वर्ष २०२६. पुढचा आढावा मार्चमध्ये, कूलर सुरू होण्याआधी, घ्यायचे ठरले आहे. तोपर्यंत फळ्यावरचा आकडा ९–८ राहील; एक रॅक भाऊंनी गेल्या महिन्यात परत केला.